बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

लंडन, नोव्हेंबरातला दुसरा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता बाबांनी विचारले, "तू अजून मागे उभी राहूनच गातेस का?" मी "हो, पण आता बदलते आहे" एवढेच बोलले आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करू लागले. फोनवर अशा प्रश्नाला उत्तर देऊ लागले की तुमच्या आवाजातली काळजी ऐकू येते आणि माझे पुढचे वाक्य घशातच राहते, म्हणून लिहायला बसले आहे. बाबा, प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्तीत न बसलेली फी भरण्यासाठी तुम्ही सहा मागांपैकी दोन विकलेत, आणि लेक लंडनला गाणे शिकते म्हणजे नेमके काय करते, हे सोलापुरात साखर पेठेत प्रत्येकाला समजावून सांगण्याचे कामही तुमच्याच वाट्याला आले. आठ वर्षांनी तिचे नाव फलकावर का दिसत नाही, हे विचारण्याचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

आधी मागे उभे राहून गाणाऱ्या कोरसविषयी लिहिते. आपल्याकडे कोरस म्हटले की पोवाड्यातले झीलकरी डोळ्यांसमोर येतात. इथल्या ऑपेराच्या, म्हणजे संगीतनाटकाच्या, कोरसमधील गायिकेला एका हंगामात चार-पाच ऑपेरा तोंडपाठ करावे लागतात, कधी इटालियन, कधी जर्मन, कधी चेक भाषेत, आणि ते रंगमंचावर धावत, नाचत, कधी जिने चढत, एक डोळा संगीत-संचालकाच्या हातावर ठेवून गावे लागतात. बिगर-नाटकी समूहगायनाची शिस्त आणखी वेगळी आहे. तिथे चाळीस जणांत माझा आवाज ओळखू आला, तर ती माझी चूक ठरते. चादरीत एक धागा जाड आला तर तुम्ही ती चादर सेकंड मालात टाकत होतात, ते आठवा. तसेच हे काम आहे आणि ते मला येते, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण एक अडचण खरी आहे आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. समूहगायनात आवाजातील कंप कमी ठेवावा लागतो, आवाज आवरून धरावा लागतो, आणि ऑपेरात नेमका तोच आवाज मोकळा सोडून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. दोन्ही कामे एकाच गळ्याने, कधी एकाच आठवड्यात करायची असतात. माझ्या शिक्षिकेचे मत असे की, तिशीच्या आसपास सोप्रानोने, म्हणजे माझ्यासारख्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेने, समूहगायन बेताने करावे. मी ते पूर्णपणे मान्य केलेले नाही, कारण त्या कामावरच माझे घरभाडे चालते आणि दुसऱ्याचा श्वास ऐकून गाणे मी तिथेच शिकले. मात्र चर्चमध्ये गाऊन आले की झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आवाज पुन्हा आपल्या जागी आणण्यासाठी रियाज करते. गुरुजींनी लावलेली सवय त्यासाठीच उपयोगी पडते आहे.

आई, तू माझे रेकॉर्डिंग ऐकून म्हणालीस की सूर कळतो पण शब्द कळत नाहीत. त्याचे कारण शरीरात आहे. आपल्या पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तके वर गेले की सोप्रानोचा जो उंच स्वर येतो, त्यावेळी स्वरतंतू सेकंदाला १००० पेक्षा जास्त वेळा कंप पावतात. माईक नसतो, समोर पन्नास-साठ वाद्ये वाजत असतात. त्यांच्यावरून आवाज पलीकडे जावा म्हणून गायिका उंच स्वरावर जबडा जास्त उघडते आणि तोंडातील पोकळी त्या स्वराच्या कंपसंख्येशी जुळवून घेते. त्यामुळे फारसा जोर न लावता आवाज मोठा होतो. पण पोकळीचा आकार बदलला की इकार आणि उकार आपली ओळख गमावतात. सेकंदाला साधारण ७०० कंपने, म्हणजे ७०० हर्ट्‌झच्या वर सगळ्याच अक्षरांचा उच्चार 'आ'कडे झुकतो. हे मी वर्गात शिकले तेव्हा मला आपला कारखाना आठवला. सहाही माग चालू असताना तू बाबांना जेवायला हाक मारायचीस. तू कधीच ओरडत नव्हतीस. आवाज एकदम वरच्या पट्टीत नेऊन, तोंड उघडून, "अहो" मधला "हो" लांबवायचीस, आणि धोट्यांच्या खटखटाटातून तो नेमका बाबांच्या कानापर्यंत जायचा. खालच्या पट्टीत ओरडणारा कामगार मात्र शेजारच्यालाही ऐकू येत नसे. ज्या गोष्टीसाठी मी इथे इतकी वर्षे खर्च केली, तिची सुरुवात त्या दारातच झाली होती.

रविवारच्या कामाविषयी बाबांना थोडे जास्त सांगायला हवे, कारण ते तुम्हाला आवडेल. इंग्लंडच्या कॅथीड्रलांमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चांमध्ये, शतकानुशतके वरची पट्टी फक्त लहान मुलगे गात आले. मुलींचा स्वतंत्र वृंद सॉल्सबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये सुरू केला, आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वृंदात पहिली प्रौढ स्त्री कायमची गायिका म्हणून नेमली गेली ती थेट २०१७ मध्ये. तीही खालच्या पट्टीत गाणारी, सोप्रानो नव्हे. म्हणून माझ्यासारखीला काम मिळते ते वस्तीतल्या चर्चमध्ये, जिथे आठ-दहा पगारी गायक असतात, सकाळी एक उपासना, संध्याकाळी एक, आणि दोन्हींचे संगीत बहुतेक त्याच दिवशी पहिल्यांदा हातात येते. तुमच्या त्या जुन्या तबकड्या लावून तुम्ही आम्हाला बालगंधर्व ऐकवायचात आणि सांगायचात की बाईचे दुःख गाण्यासाठी बाई असावेच लागत नाही. इथे चर्चमधील मुलगे गाताना ऐकले की मला तुमचे ते बोलणे पटते, आणि तरीही वाटते की त्या जागेवर आता बाईलाही उभे राहू द्यावे.

डिसेंबर हा आमचा सुगीचा महिना. हँडेल या संगीतकाराने १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहून काढलेला आणि १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला पहिल्यांदा गायला गेलेला 'मेसाया' हा येशूवरचा मोठा गानप्रबंध या देशात नाताळाच्या सुमारास जवळजवळ प्रत्येक गावात होतो. गावातले शिक्षक, दुकानदार, निवृत्त परिचारिका असे शंभरभर हौशी लोक कोरस गातात आणि चार एकल गायक बाहेरून बोलावले जातात. दुपारी तीन तास तालीम, मध्ये चहा, संध्याकाळी कार्यक्रम. यंदा अशा पाच ठिकाणी सोप्रानो मी आहे. म्हणजे, बाबा, फलकावर माझे नाव आहे, पण तो फलक लहान गावातल्या चर्चच्या दाराला लावलेला आहे. गुरुजी एक राग सहा-सहा महिने सोडू देत नव्हते आणि इथे तीन तासांत उभे राहावे लागते. पहिल्या वर्षी मी वाचनात इतकी मागे होते की घरी येऊन रडत असे. आता कागद समोर आला की डोळे आधी पुढची ओळ पाहतात आणि गळा मागून येतो.

ऑपेरातील माझी पहिली भूमिका मोत्झार्टच्या 'फिगारोचे लग्न' मधली बार्बरीना. माळ्याची ही मुलगी चौथ्या अंकाच्या सुरुवातीला अंधारात हरवलेली टाचणी शोधत एक छोटेसे गाणे गाते, दोन मिनिटेसुद्धा होत नाहीत. १७८६ मध्ये व्हिएन्नात ही भूमिका पहिल्यांदा केली ती आना गॉटलीब नावाच्या १२ वर्षांच्या मुलीने, आणि पुढे १७९१ मध्ये तिनेच मोत्झार्टच्या 'जादूची बासरी' या ऑपेरातली नायिका पामिना पहिल्यांदा गायली. मी तीच बार्बरीना २७ व्या वर्षी गायले. त्यानंतर गेल्या वर्षी त्याच ऑपेरात सुझाना या नायिकेची 'कव्हर', म्हणजे बदली गायिका, म्हणून मला घेतले. सुझाना जवळजवळ पूर्ण नाटकभर रंगमंचावर असते. तिचे सगळे पाठ करायचे, तालमींना बसायचे, प्रत्येक प्रयोगाच्या संध्याकाळी हाकेच्या अंतरावर राहायचे, आणि मुख्य गायिका आजारी पडली तर काही तासांत उभे राहायचे. ती आजारी पडली नाही. तुम्ही तेव्हा विचारलेत, "मग गायलीसच नाही?" नाही गायले. पण शेवटच्या आठवड्यात कव्हर मंडळींची पियानोवर एक पूर्ण तालीम झाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की तीन तासांचे ओझे माझा आवाज उचलू शकतो. हे मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवे होते.

बदलते आहे म्हणाले ते याच अर्थाने. माझा आवाज पूर्वी हलका होता, खट्याळ दासींच्या भूमिकांना शोभणारा. दोन वर्षांत मधला भाग भरला, आणि आता शिक्षिका मला पामिनासारख्या, लांब ओळींच्या भूमिका देते. सोप्रानोचा आवाज असा मुरायला वेळ घेतो. जोन सदरलँड ही पुढे जगप्रसिद्ध झालेली सोप्रानो १९५२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा मंडळीत दाखल झाली, त्याच वर्षी 'नॉर्मा' या ऑपेरात प्रख्यात गायिका मारिया कालास नॉर्मा गात असताना सदरलँड नॉर्माच्या दासीच्या चार ओळी गात होती. फेब्रुवारी १९५९ मध्ये 'लुचिया' या ऑपेरातली नायिका गाऊन ती एका रात्रीत जगाला माहीत झाली तेव्हा ती ३२ वर्षांची होती. मी सदरलँड होणार असे माझे म्हणणे नाही. मधली सात वर्षे तिची वाया गेली असे कोणी म्हणत नाही, एवढेच मला तुम्हाला दाखवायचे आहे.

पैशांचे थोडक्यात सांगते. पगार नाही, प्रत्येक कामाचे मानधन आहे. आजारी पडले तर तेही नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात घसा बसला आणि तीन कार्यक्रम गेले, हे मी तुम्हाला सांगितले नव्हते. मोठ्या संस्थाही स्थिर नाहीत. इंग्लिश नॅशनल ऑपेराचे नियमित सरकारी अनुदान थांबवण्याचा निर्णय २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला, तेव्हा कायम नोकरीतल्या कोरसवाल्यांचीही झोप उडाली. म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस मुलांना गाणे शिकवते आणि ते सोडणार नाही. पुण्याच्या शाळेने मला देऊ केलेली जागा चांगली आहे, घरापासून चार तासांवर आहे, आणि आईला काय वाटते ते मला माहीत आहे. पण मी त्यांना नकार कळवला आहे. आवाज आत्ता कुठे उघडतो आहे आणि त्याला आणखी तीन वर्षे द्यायची, असे मी ठरवले आहे. तुम्हाला आधी न विचारता ठरवले, याबद्दल रागवा, पण राग मनात ठेवू नका.

मार्चमध्ये एका शहराच्या वृंदाबरोबर मी ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या 'जर्मन रेक्विएम' मध्ये सोप्रानो गाणार आहे. ही मृतांसाठीची रचना असली तरी शब्द सगळे मागे राहिलेल्यांसाठी आहेत. ब्राम्सची आई १८६५ मध्ये गेली. १८६८ च्या गुड फ्रायडेला ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये ही रचना सहा भागांत गायली गेली आणि त्यानंतर त्याने सोप्रानोसाठी आणखी एक भाग लिहून पाचव्या जागी घातला. गायिका सुमारे चाळीस मिनिटे कोरससमोर गप्प बसून असते. मग उठते, सात-एक मिनिटे गाते आणि पुन्हा बसते. ती गात असताना मागून कोरस अगदी हळू बायबलमधील यशयाच्या ग्रंथातले शब्द म्हणत राहतो: जशी आई एखाद्याचे सांत्वन करते, तसे मी तुमचे सांत्वन करीन. बाबा, त्या दिवशी मी पुढे असेन आणि माझा सूर ज्यांच्यावर टेकलेला असेल ते सगळे मागे उभे असतील. मागे उभे राहून मी तेच काम इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी केले आहे. रेकॉर्डिंग पाठवीन. आई, त्यातले शब्द मी मराठीत लिहून सोबत देईन, म्हणजे उंच स्वरात ते हरवले तरी तुला कळतील.

नाताळ संपला की जानेवारीत आमच्याकडे काम कमी असते. तिकीट काढले आहे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या आधी सोलापुरात पोहोचते. नंदीध्वजांमागून जाणाऱ्या त्या हजारो लोकांचा एक आवाज मला पुन्हा एकदा ऐकायचा आहे, आणि या वेळी आईचा हात धरून. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येईन. सकाळी गारठा असतो, बाबांनी स्टेशनवर येऊ नये. रिक्षा करून येते.

तुमची,
धाकटी