'कुठे मोजलं' हा रकाना शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

वीजतंत्री ट्रेडच्या रीडिंग तक्त्यात तुम्ही व्होल्ट, ॲम्पिअर, ओहम आणि वॅट यांच्याही आधी एक रकाना आखायला लावलात: 'कुठे मोजलं'. हे जाहीर आभार त्या रकान्यासाठी. सूत्रं दोनच. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. ती कुणीही पाठ करतं. घोळ होतो तो त्यात घातलेल्या आकड्यांचा.

तुमचं गिझरचं उदाहरण आजही नव्या मुलांना आम्ही जसंच्या तसं देतो. प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट, म्हणजे ८.७ ॲम्पिअर आणि एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, २६.४५ ओहमचं. गिझर चालू असताना सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर २२२ व्होल्ट मिळतात, टाँगटेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणारं मीटर, ८.१७ ॲम्पिअर दाखवतो. भागाकार २७.२ ओहम येतो आणि एलिमेंटवर संशय जातो. मग मीटरच्या पिना थेट एलिमेंटच्या टर्मिनलवर लावायच्या. तिथे २१६ व्होल्ट. आता उत्तर २६.४ ओहम: एलिमेंट ठणठणीत आहे. पॉवर १७६५ वॅट भरते, कारण व्होल्टेज ६ टक्के उतरलं की वॅट १२ टक्के उतरतात.

खरा प्रश्न मधल्या ६ व्होल्टचा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची ३ मीटर केबल, जाऊन-येऊन ६ मीटर, फार तर ०.०४५ ओहमची. तिच्यात ०.४ व्होल्टसुद्धा पडत नाहीत. उरलेले ५.६ व्होल्ट सैल पिनेवर किंवा ढिल्या स्क्रूवर पडतात, म्हणजे तेवढ्याशा जागेत सुमारे ४६ वॅटची उष्णता. सोल्डर वितळवायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. प्लग टॉप काळा का पडतो, याचं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे मिळालं नाही. नुसतं एलिमेंट बदललं तर ग्राहकाचे पैसे जातात आणि सॉकेट जळायचं ते जळतंच.

टाँगटेस्टरच्या जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसतं. मल्टिमीटरने करंट मोजला असेल, तर लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. ती ॲम्पिअरच्या भोकात राहिली आणि पिना सॉकेटमध्ये गेल्या, तर तो थेट शॉर्ट असतो, कारण त्या भोकामागचा रेझिस्टन्स जवळपास शून्य. ओहमवर तपासायचं तर सप्लाय बंद, आणि एलिमेंटची एक वायर सोडवलेली. नाहीतर इंडिकेटर आणि बाकीच्या जोडण्याही त्यातच मोजल्या जातात.

१०० वॅटचा पिवळा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो, पेटल्यावर हिशेबाने ५२९. टंगस्टन तापलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तिथे चालू लोडवरचीच रीडिंग खरी. गिझरच्या एलिमेंटमधल्या निक्रोम तारेत हा फरक थोडाच. मोटरला मात्र ही सूत्रं अशी लावायची नाहीत, हे तुम्ही फार ठासून सांगितलंत: २३० व्होल्ट आणि ६ ॲम्पिअर म्हणजे १३८० व्होल्ट-ॲम्पिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या कामाचा हिस्सा, ०.८ असेल तर खरे वॅट ११०४. आणि व्होल्टेज भागिले करंट हा वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स नव्हे.

आमच्या जॉब कार्डवर तो रकाना आता छापूनच येतो. सर, मनापासून आभार.

आपले,
वीजतंत्री ट्रेडचे माजी विद्यार्थी