तक्रार: कौटुंबिक गप्पांच्या कार्डांमधील प्रश्नांची सरमिसळ आणि खोक्यावरील दावे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि उत्पादन विभाग

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा कौटुंबिक गप्पांसाठीचा शंभर कार्डांचा संच मी गेल्या महिन्यात घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी छापल्या आहेत: 'आठ ते ऐंशी, सगळ्यांसाठी' आणि 'मानसशास्त्रीय संशोधनावर आधारित'. त्या वाचूनच मी हा संच निवडला. आतली कार्डं या दोन्ही दाव्यांत बसत नाहीत, ही माझी तक्रार आहे. याआधी मेल केली होती, तेव्हा 'न आवडलेले कार्ड बाजूला ठेवावे' असं एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

सासूबाई, नणंद, तिचा दहा वर्षांचा मुलगा, माझे यजमान आणि त्यांचा एक जुना मित्र असे आम्ही बसलो होतो. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे कार्डं पिसून मधोमध ठेवली. पहिलं कार्ड निघालं, 'तुम्हाला प्रवास आवडतो का?' उत्तर आलं, 'हो.' पुढचं, 'तुम्ही सकाळी लवकर उठता का?' 'नाही.' एका शब्दात संपणारे असे प्रश्न संचात निम्म्याहून जास्त आहेत. त्यावर गप्पा कशा रंगणार?

मग भाच्याची पाळी आली. त्याने मोठ्याने वाचलं, 'इथे बसलेल्यांपैकी तुम्हाला सर्वांत जास्त कुणी दुखावलं आहे?' वाचून झाल्यावर त्याने आईकडे पाहिलं आणि कार्ड हळूच पालथं घातलं. सासूबाई पाणी आणायला म्हणून उठल्या. मित्राने खिशातून फोन काढला. आता सांगा, हे कार्ड बाजूला कसं ठेवायचं? मोठ्याने वाचलेला प्रश्न सगळ्यांच्या कानांवर पडलेला असतो. उत्तर दिलं तरी पंचाईत, न दिलं तरी पंचाईत. आणि ही पंचाईत तुम्ही दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलीत.

अवघड प्रश्न नकोत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट आमच्या घरात खोलवर बोलणं व्हावं म्हणूनच हा संच आणला. पण ते बोलणं कसं घडतं, यावर काम झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले होते. त्यांचे तीन गट होते आणि प्रत्येक गटाला 15 मिनिटं. पहिल्या गटात हलके प्रश्न, पुढे पुढे अधिक खासगी, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. तिथे क्रमाला मोल होतं आणि दोघांच्या बोलण्याला होतं. तुम्ही मात्र ग्राहकाला पहिली सूचनाच 'नीट पिसा' अशी देता. पायरी-पायरीने चढायचे प्रश्न पिसल्यावर संशोधनाचा आधार उरतो कुठे?

दुसरी गोष्ट वाळूच्या घड्याळाची. प्रत्येक कार्डाला एक मिनिट, वाळू संपली की पुढचा भिडू, असा नियम आहे. संचातलं मला सर्वांत आवडलेलं कार्ड या नियमापायी वाया जाणार होतं. 'लहानपणी सकाळी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोणता आवाज यायचा?' हे कार्ड सासूबाईंना आलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, खालच्या मजल्यावरच्या छापखान्याचा. यंत्राची धडधड ऐकू आली नाही की समजायचं, आज सुट्टी. माझ्या यजमानांना हा छापखाना माहीतच नव्हता. भाच्याने लगेच विचारलं, 'मग सुट्टीच्या दिवशी झोप लागायची का?' तेवढ्यात वाळू संपली. आम्ही घड्याळ उचलून खोक्यात ठेवलं आणि त्यानंतर सासूबाई कितीतरी वेळ बोलत राहिल्या. समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं इतरांना अधिक आवडतात, असं हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. तुमचं घड्याळ नेमका तोच प्रश्न तोडतं. खेळात चुरस यावी म्हणून ते घातलं असेल, पण घरच्यांच्या गप्पांत चुरस हवी कशाला?

छपाईबद्दलही सांगायला हवं. पिवळसर कार्डावर फिकट करड्या रंगात बारीक अक्षरं आहेत. सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता आली नाहीत, दर वेळी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं लागलं. खोक्यावर ऐंशी वर्षांच्या माणसांना आमंत्रण देणाऱ्यांनी एवढं तरी पाहायला हवं होतं. शिवाय तीन प्रश्न जसेच्या तसे दोनदा छापले गेले आहेत.

माझ्या मागण्या अशा. संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पुढच्या आवृत्तीत कार्डांच्या पाठीला वेगवेगळे रंग देऊन हलके, मधले आणि खोलवरचे प्रश्न वेगळे करावेत, आणि नात्यांतल्या दुखण्याला हात घालणारी कार्डं मुलंही खेळणार असलेल्या या संचातून काढावीत. 'मला उत्तर द्यायचं नाही' असं कार्ड सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातात द्यावं, म्हणजे गप्प राहण्याचं कारण कुणाला सांगावं लागणार नाही. हो-नाहीत उत्तर देता येणारे प्रश्न 'कसं', 'कधी', 'कुणामुळे' असे बदलून लिहावेत. हे सगळं होईपर्यंत खोक्यावरचे दोन्ही दावे काढून टाकावेत. आठ वर्षांच्या मुलासाठी संच घेणाऱ्या पालकांना आत काय आहे ते आधी कळायलाच हवं.

छापखान्याची आठवण निघाली ती तुमच्याच एका कार्डामुळे. असे प्रश्न लिहिणारं कुणीतरी तुमच्याकडे आहे. बाकीची कार्डं त्यांच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. या वेळी ते ठरावीक साच्यातलं नसावं.

कळावे,
आपली एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, आधीच्या मेलची प्रत, वर उल्लेखलेल्या कार्डांचे आणि दोनदा छापलेल्या प्रश्नांचे फोटो