डिस्चार्ज कार्डावर फक्त गोळ्याच

संपादक साहेब,
नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सहा वर्षांत चार वेळा ऍडमिट केलाय आणि दरवेळी सगळ्यांचं एकच, गोळ्या बंद केल्या असतील. केल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण का केल्या ते कुणी विचारत नाही. दिवसभर झोप यायची, वजन वाढलं, तालुक्याला ती गोळी मिळत नाही, जिल्ह्याला जायचं तर माझा रोज बुडतो, आणि जरा बरं वाटायला लागलं की त्यालाच काय, आईलाही वाटायचं आता कशाला हव्यात. रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं हे आम्हाला तिसऱ्या वेळी कळलं, तेही शेजारच्या बेडवाल्याच्या बायकोकडून!

दुसऱ्या वेळी दारू होती, मित्रांनी काही होत नाही रे म्हणत पाजली. आणि घरातले टोमणे, त्यात मीही आलो. घरात सतत बोलणी बसत असली की आजार उलटतो हे लंडनच्या डॉक्टरांनी 1960-70 च्या काळातच अभ्यास करून दाखवलंय, आम्हाला मात्र कुणी बसवून सांगितलं नाही.

आधी जितक्या वेळा ऍडमिट झालाय तितका परत जायचा धोका जास्त, आणि घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे तर फारच नाजूक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 98 आहे, त्यात पेशंटला सोडताना त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून पुढच्या उपचाराचा प्लॅन करायचा असं स्पष्ट लिहिलंय. आम्हाला चारही वेळा मिळाल्या 15 दिवसांच्या गोळ्या आणि 'पुन्हा दाखवा' असा शिक्का. मानसिक त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत आहे, टेलिमानस, तिचा 14416 नंबर आहे, बोलायला बरा आहे, पण गोळी काय फोनमधून येत नाही.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात ना, तसंच मनोरुग्णालयातून आलेल्याच्या घरी पहिल्या महिन्यात दोनदा कुणी डोकावलं, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाल्या, तर किती खेपा वाचतील. खाटा वाढवा म्हणून बातम्या येतात, वाढवा की, पण त्याच त्या पेशंटनी त्या भरणार असतील तर काय उपयोग.

पत्र छापलंत तर नाव छापू नका, बहिणीचं लग्न जमवायचंय.

– एक वाचक