गिटार ऐकू येत नाही, म्हणून आवाज वाढवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थीच्या दिवसांतले ऑर्केस्ट्रा आणि बँडस्पर्धा यांच्या आवाजाबद्दल आपल्या पत्रसदरात अधूनमधून तक्रारी येतात. त्या रास्तच आहेत. फोंडा-डिचोली भागात मी बरीच वर्षे साउंडचे काम करतो, पूर्वी गिटारही वाजवायचो. मंचावरचा आवाज चढत कसा जातो ते मला मिक्सरवरून दिसत असते. दर वेळी साउंडवाल्याचाच दोष असतो असे नाही. पुष्कळदा सुरुवात गिटारपासून होते.

गिटारवाला मुलगा घरी हेडफोन लावून मल्टी-इफेक्टवर (गिटारचा आवाज बदलणाऱ्या यंत्रावर) टोन बनवतो. बास भरपूर, ट्रेबल चकचकीत, मिड (मधले सूर) जवळजवळ शून्य, वर सढळ हाताने गेन (आवाज खरखरीत करणारी वाढ) आणि रिव्हर्ब (घुमारा). एकट्याने वाजवला तर हा टोन भारी वाटतो, मलाही वाटतो. बँड सुरू झाला की तो गायब. मग गाणे संपायच्या आत मंचावरून हाक येते, "अंकल, म्हजी गिटार आयकूंक येना!" गिटार वाढवली की कीबोर्डवाला खुणा करतो, ड्रमर जोरात हाणू लागतो, गायिकेला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये (मंचावरच्या कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) सापडत नाही. अर्ध्या तासात देवळामागच्या घरांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

याचे कारण साधे आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सुमारे ८२ हर्ट्झचा सूर निघतो. बास गिटारची जाड तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ४१ वर. म्हणजे गिटारवाला जो बास चढवतो, ती जागा बास गिटार आणि ड्रमच्या किकने (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने) आधीच भरलेली असते. वरची जागा झांजांची. गिटारच्या बारा इंची स्पीकरमधून ५००० हर्ट्झच्या वर तसेही फारसे काही येत नाही. उरतो मधला पट्टा, ढोबळमानाने ५०० ते २००० हर्ट्झचा. गिटारचा खरा आवाज तिथेच राहतो आणि या मुलाने नेमका तोच कापून टाकलेला असतो.

घरी हे लक्षात येत नाही, कारण आवाज बारीक असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच त्याचे आलेख मांडले होते. म्हणून खोलीत आपण बास-ट्रेबल चढवतो. तेच सेटिंग मंचावर मोठ्याने वाजले की बास घुमतो, ट्रेबल कानात टोचतो, आणि मध्ये काही उरत नाही.

आपल्याकडची घुमट आरती आठवा. मातीचा घुमट खालून घुमतो, शामेळ या ढोलाची थाप त्याच्या वर कडक उठते, कांसाळे म्हणजे झांजा त्याहून वर खणखणतात. माइक नसला तरी तिन्ही वेगळी ऐकू येतात, कारण कोणी कोणाच्या जागेत शिरत नाही.

मागे एका स्पर्धेत डिचोलीकडच्या एका मुलाला मी बास अर्ध्यावर आणायला लावला, गेन जवळजवळ निम्मा केला आणि मिड घड्याळातल्या दोनच्या काट्यापर्यंत फिरवला. एकट्याने वाजवून बघितल्यावर त्याचे तोंड उतरले. "ही नाकात बोलता," म्हणाला. मी ड्रमरला ताल धरायला सांगितला, मग बास गिटार, मग कीबोर्ड. दुसऱ्या ओळीला तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्या चॅनेलचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) मी उलट खाली घेतला होता आणि तरी प्रत्येक कॉर्ड सुटा ऐकू येत होता. आयबानेझचे ते हिरवे ट्यूब स्क्रीमर पेडल इतकी वर्षे लोक का वापरतात, ते यातूनच कळते. ते खालचे सूर कापते आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे आणते.

गेनबद्दल मुले माझे ऐकत नाहीत. डिस्टॉर्शन वाढवले की मोठा आणि बारीक आघात एकाच उंचीवर दाबले जातात. मग स्ट्रोक कळत नाही, नुसती घरघर उरते. सोलोलाही गेन न वाढवता थोडी पातळी आणि थोडा मिड वाढवावा. मल्टी-इफेक्ट थेट मिक्सरला जोडत असाल तर त्यातले कॅबिनेटचे (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारे) सेटिंग चालू आहे ना ते बघा, नाहीतर डासासारखी भुणभुण येते. कीबोर्डवाला दोन्ही हातांनी कॉर्ड भरत असेल तर गिटारने सहाही तारा झोडपू नयेत, वरच्या सुरांच्या तीन बारीक तारा पुरतात. आणि अॅम्प (गिटारचा स्पीकर) जमिनीवर पोटऱ्यांमागे ठेवू नका. स्पीकरचा टोकदार आवाज सरळ रेषेत जातो. तुमच्या गुडघ्यांना तो ऐकू येतो आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना, तुमच्या कानांना मात्र नाही. खुर्चीवर ठेवा, थोडा मागे कलता.

आता आयोजकांना विनंती. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे, तो आम्हालाही मान्य आहे. पण सातचा कार्यक्रम आठला सुरू होतो, दीपप्रज्वलन आणि सत्कारांत आणखी वेळ जातो आणि कात्री लागते ती साउंडचेकला (कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघण्याला). एकेका वाद्याचे "वन टू, वन टू" करून काहीच ठरत नाही. एकटी गिटार नेहमी छानच वाजते. प्रत्येक बँडला सगळ्यांनी मिळून एक कडवे वाजवायला दहा मिनिटे द्या, आणि ती पाहुणे यायच्या आधी, दुपारी द्या. परीक्षकांची टेबले स्पीकरच्या तोंडासमोर न लावता मिक्सरजवळ लावली, तर गिटार खरोखर ऐकू येते की नाही ते त्यांनाही कळेल.

आपला,
एक साउंडवाला
कवळे, फोंडा