वाकळ गुंडाळायला लावणाऱ्या ताईंना

सांगली

ताई,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरच्या पेशंटला झोप लागत नाही म्हटलं की आपल्याकडं दोनच उत्तरं तयार असतात: गोळी, नाहीतर "पडून राहा जरा". तुम्ही सवयी बदलून झोप परत आणायचा वर्तनोपचार इथं रुजवलात. सांगली-मिरजेत केमो-रेडिएशनच्या पेशंटांची देखभाल करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून त्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या पहिल्याच सूचनेला नातेवाईक चपापतात: सकाळी उठल्याबरोबर वाकळ गुंडाळून फळीवर टाका. एरवी आपल्या घरांत दिवसा अंथरूण पसरलेलं दिसत नाही. पण आजारपण आलं की सोप्यातली कॉट दिवसभर अंथरलेलीच. जेवण तिथं, औषधं तिथं, भेटायला आलेल्यांच्या गप्पा आणि रिपोर्टची धाकधूकही तिथंच. मग रात्री त्याच अंथरुणाला पाठ टेकली की झोपेऐवजी धाकधूकच आठवते. अंथरूण आणि झोप यांची सांगड पुन्हा घालायची ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. वाकळीपर्यंत ती तुम्ही आणलीत.

अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, मंद उजेडात खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत आडवं व्हायचं. 'अंदाजे' हा शब्द तुम्ही मुद्दाम दोनदा उच्चारता. कारण लोक दर पाच मिनिटांनी मोबाईल बघतात, आणि वेळ बघणारा माणूस जागाच राहतो. खोली एकच असेल तर दुसरा कोपरा. केमोनं पाय लटपटत असतील तर अंधारात उठायचंच नाही, उशीला टेकून बसायचं. ही सवलत तुम्ही दिली नसतीत तर एखादं माणूस नक्की पडलं असतं.

खरी कसोटी लागते ती अंथरुणातली वेळ आवळताना. आठवडाभर वहीत नोंद: आडवं कधी झालो, डोळा कधी लागला, जाग किती वेळा, उठलो कधी, दुपारची डुलकी किती. रात्री ९ ते सकाळी ६ अंथरुणात, पण झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या ६१ टक्के. अशा माणसाला तुम्ही अंथरुणात फक्त ६ तास देता: रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. उठायची वेळ रविवारीही तीच. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडं. पाच तासांच्या खाली मात्र कधीच नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग वाढते आणि नेमके तिथंच लोक सोडून देतात. तेव्हा गाडी, ट्रॅक्टर चालवायचा नाही हे तुम्ही घरच्यांकडून कबूल करून घेता. फिट येणाऱ्या किंवा मेंदूत गाठ असलेल्या पेशंटला हा भाग तुम्ही देतच नाही. झोपेची गोळी चालू असेल तर ती एकदम तोडू देत नाही.

रात्रपाळीच्या विजेचं तर कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. शेतपंपाला रात्री लाईट आली की घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतं, दार वाजतं, पेशंट जागा होतो. त्या आठवड्याचे आकडे तुम्ही हिशोबात धरत नाही.

औषधांकडंही तुमचं लक्ष असतं. केमोसोबतच्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर झोप उडते. ती सकाळकडं घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला तुम्ही शिकवलंत.

थकव्याबद्दल तुमच्याशी आमचे वाद झाले, आणि तुमचंच बरोबर निघालं. हा थकवा झोपून जात नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि दुखणं तपासून घ्यायचं, मग चालणं: सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासाहून जास्त नाही, कारण पुढची प्रत्येक डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते. सगळ्यात जास्त चूक होते ती बऱ्या दिवशी. जरा तरतरी आली की बायका धुणं, भांडी, दळण सगळं उरकून घेतात आणि पुढचे दोन दिवस आडव्या. तुम्ही काम तोडून दिलंत: धुणं एका दिवशी, दळण दुसऱ्या, भाजी स्टुलावर बसून चिरायची, आणि बरं वाटत असतानाच थांबायचं. हे शेवटचं सासवांच्या गळी उतरवणं तुम्हालाच जमलं.

एक काम राहिलंय. केमोनं बोटं बधिर झालेल्यांना वहीतले रकाने लहान पडतात. या वेळी रुंद रकान्यांचा कागद आखून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. पुढच्या मंगळवारी याल तेव्हा एकदा नजर टाका.

कळावे,
तुमचे सांगली-मिरजेतले सहकारी