टाकी भंगारात काढू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमचं गाव कुर्डुवाडी-पंढरपूरच्या मधलं, जुन्या बार्शी लाईट रेल्वेच्या लायनीवरचं. स्टेशनाजवळची लोखंडी पाण्याची टाकी आता लिलावात जाणार असं गावात बोलतायत, दोन भंगारवाले येऊन पत्र्याची जाडी पण बघून गेले, म्हणून हे पत्र लिहितोय.

बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी रूळ. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरपर्यंत आली, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. वाफेचं इंजिन म्हणजे कोळशाइतकीच पाण्याची भूक, आणि गाडी उभी राहते तेवढ्यात हजारो लिटर भरायचं तर टाकी उंचावरच पाहिजे, वरनं पाणी आपल्या जोरानं उतरतं. आमचे आण्णा फायरमन होते. आषाढीला गाडीला जागा नसायची, वारकरी टपावर बसलेले, आणि आण्णा इंजिनावर चढून ती हत्तीच्या सोंडेसारखी नळी ओढून आत सोडायचे, ते मी डोळ्यानं बघितलंय.

७२ च्या दुष्काळात ह्याच टाकीच्या गळक्या जोडाखाली आमच्या आईनं कळशी लावलीय, एक भरायला अर्धा तास जायचा, तरी बायकांची लाईन तुटत नव्हती. त्या जोडाचे बोल्ट अजून तसेच आहेत.

आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, ती ह्याच मार्गानं गेली बरं का! रूळ ब्रॉडगेज झाले, पण रस्ता बार्शी लाईटचाच. रात्री आम्ही जागे राहून बघितली, टाकीच्या शेजारनंच गेली. ज्या लायनीवर आधी पाणी इंजिनासाठी साठवायचे त्याच लायनीनं इंजिन माणसांसाठी पाणी घेऊन चाललं होतं. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं.

लोखंडाचे किती येतील ते येतील, पण एवढी जुनी वस्तू परत उभी राहणार नाही. गंज खरवडून एक रंगाचा हात द्या, खाली एक पाटी लावा, १८९७ पासून २०१६ पर्यंतची सगळी सालं त्यावर घाला. बाहेरच्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारं वजन आहे, टाकी भरली की ते खाली यायचं, रिकामी झाली की वर जायचं. आता ते वरच अडकलंय, पोरं विचारतात हे काय, त्याचंही दोन ओळीत त्या पाटीवर लिहा.

आपला,
एक जुना वाचक