चॅप्लिनच्या आधीचं एक जोडपं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूकपटातला विनोद म्हटला की आपल्याकडे गाडी चॅप्लिनवरून सुटते आणि कीटनपाशी थांबते. आपली पुरवणीही याला अपवाद नाही. चॅप्लिन पडद्यावर आला 1914 मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रुकलिनच्या व्हिटाग्राफ कंपनीने 'अ क्युअर फॉर पोकरायटिस' (म्हणजे पोकरच्या रोगावर इलाज) हा एका रिळाचा चित्रपट काढला होता. परवा तो इंटरनेटवर पाहिला. संपला तसा लगेच पुन्हा लावला.

नवरा जॉन बनी, ढेरपोट्या आणि गोबऱ्या गालांचा. बायको फ्लोरा फिंच, नुसती काडी. पत्त्यांत हरून आलेला नवरा 'पुन्हा पोकर खेळणार नाही' अशी शपथ घेतो आणि कुठल्याशा मंडळाच्या बैठकीचं निमित्त काढून दर आठवड्याला डावावर हजर! बिंग फुटतं ते झोपेत बरळल्यामुळे. बायको आपल्या भावाला (चुलत की मावस, देव जाणे) मागावर धाडते, आणि शेवटी त्या भावाच्या बायबलवर्गातली मंडळी पोलिसांच्या वेशात अड्ड्यावर धाड घालतात. ना केळ्याची साल, ना तोंडावर फेकलेला केक. कॅमेरा जागचा हलत नाही. सगळी गंमत बनीच्या चेहऱ्यावर. आमच्या सोसायटीतल्या रमीवाल्यांना सहकुटुंब दाखवावा म्हणतो.

बनीने पाचेक वर्षांत दीडशेहून अधिक लघुपट केले आणि एप्रिल 1915 मध्ये तो गेला. त्यांतले आज मोजकेच उरलेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, नाही पेटली तर डब्यातच सडायची. शिवाय जुनी रिळं त्यांच्यातली चांदी काढून घेण्यासाठी मोडीतही जायची. लांबचं कशाला, जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या रिळांना लागलेली आग अनेकांना आठवत असेल. त्यात दहा-बारा मिनिटांचं नवरा-बायकोचं भांडण मुद्दाम जपून ठेवावं, असं तरी कोणाला वाटणार होतं? 'पोकरायटिस' तरला, आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, दाखलही झाला.

पुढच्या वेळी मूकपटांवर पान काढाल तेव्हा बनी-फिंचना एक चौकट तरी द्या. जागा उरली तर मूकपटांतल्याच सिडनी ड्रू या विनोदी दांपत्यालाही. त्यांच्या बऱ्याच घरगुती गमतींचं लेखन खुद्द ड्रूबाईंचं होतं.

आपला,
एक वाचक, पुणे